दारातले तास

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं पोर परदेशी निघालं, की आप्पा देवऱ्यांना आधी कळवायचं अशी रीतच पडली होती. नाही कळवलं तरी त्यांना कळायचंच, पण मग ते रुसायचे. आणि कळवायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न यायचा, तोही नाशिकच्या अख्ख्या आडगाव नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात: "किती तास?"

वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं, "आमच्या श्रीरंगचं डायरेक्ट आहे हो, आप्पा. सोळा तासांत अमेरिका!"

"ते हवेतले झाले," आप्पा म्हणाले. "दारातले सांगा."

"दारातले म्हणजे?"

"तुमच्या दारातून पाय निघाला तिथपासून त्याच्या दारात पाय पडला तिथपर्यंत. कसाऱ्याचा घाट धरला का? मुंबईत शिरताना गाडी मुंगीसारखी चालती ते धरलं का? विमानतळावर तीन तास आधी जाऊन बसायचं, उतरल्यावर शिक्के मारायची रांग, ब्यागा यायची वाट, मग तिथली गाडी. कुठले सोळा तास? दीड दिवस म्हणा, कुलकर्णी, दीड दिवस!"

कुलकर्ण्यांचा चेहरा असा पडला, जसं काही आप्पांनी त्यांचा मुलगा अर्ध्या वाटेतून परत आणला. "या माणसाला कौतुक म्हणून करता येत नाही," असं ते जिन्यात पुटपुटत गेले. मला हसू आवरेना. पण दोन दिवसांनी श्रीरंगला मुंबईला किती वाजता काढायचं हे विचारायला तेच कुलकर्णी खाली आले होते. सगळेच यायचे. आप्पा सांगतील त्या वेळेला निघालेल्या माणसाचं कधी विमान चुकलं नाही, हे मात्र खरं.

आप्पा मूळचे सटाण्याकडचे. तरुणपणी ओझरला विमानाच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सारी हयात पत्र्याला रिव्हेट मारण्यात गेली. त्या ठोकाठोकीनं दोन्ही कान अधू झालेले, म्हणून तो आवाज. त्यांना कुजबुज अशी माहीतच नव्हती. बँकेत किती पैसे आहेत तेसुद्धा ते रस्त्यावर ओरडून सांगायचे. अंगानं काटकुळे, पांढरा लेंगा, वर कारखान्यातला जुना निळा शर्ट, आणि हाताची बोटं अशी जाड की चहाच्या कपाच्या कानात एकसुद्धा शिरायचं नाही. कप ते पेल्यासारखा वरून धरायचे. मी शाळेत शिक्षिका होते म्हणून ते मला "बाई" म्हणायचे. समोरासमोर दारं आमची. माझेही यजमान गेलेले, त्यामुळे दोन बंद दारांपेक्षा दोन उघडी बरी म्हणून आम्ही दिवसा दारं उघडीच ठेवायचो.

जन्मभर विमानं केली, पण माणूस विमानात कधी बसला नव्हता. मी एकदा विचारलं, "आप्पा, कधी वाटलं नाही का हो बसावं?"

"आमची विमानं बसायची नव्हती बाई. लढायची होती. ओझरहून उडायची, आभाळात दोन घिरट्या घ्यायची आणि ओझरलाच उतरायची. कुठं जायची नाहीत."

त्याच वेळी एक विमान डोक्यावरून असं गेलं की माझ्या कपाटातली भांडी थरथरली. मी कानावर हात ठेवले. आप्पांनी नुसतं वर पाहिलं, ओळखीचं माणूस रस्त्यानं जाताना पाहावं तसं. मी म्हटलं, "केवढा हा वेग! हे तुमच्या वैशालीकडे किती वेळात पोचेल?"

"पोचणारच नाय," ते म्हणाले. "तेवढं तेल मावतं कुठं त्याच्यात? वेग लय हाय, पण पोचायचं विमान येगळं असतं."

वैशाली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. टोरांटोला नोकरीला. तिथंच लग्न केलं, तिथंच घर घेतलं. टोरांटो किती लांब असं कुणी विचारलं तर आप्पा म्हणायचे, "सरळ रेषेत बारा हजार किलोमीटरच्या वर. पण सरळ रेषेत कोण जातंय!" त्या गावाचं नाव ते फार जपून उच्चारायचे, कुणाच्या तरी घरची काचेची वस्तू हातात घ्यावी तसं.

त्यांच्या घरात एक चाल होती. बाहेरगावी निघालेलं माणूस दाराबाहेर पडलं, की त्याच्या पाठीवर केर काढायचा नाही. ही चाल आपल्याकडे बहुतेक घरांत आहे, पण आपण काय करतो? रिक्षा कोपऱ्यावर वळली की झालं, घेतला झाडू. आप्पांच्या बायकोचं, कमलताईंचं, तसं नव्हतं. त्यांच्या माहेरी माणूस पोचल्याचा निरोप येईस्तोवर केरसुणीला हात लावत नसत. सटाण्याहून मालेगावला जाणाऱ्या माणसासाठी ते ठीक होतं हो! वैशाली पहिल्यांदा टोरांटोला निघाली, तेव्हा तिला निरोप द्यायला दोन्हीकडचे नातेवाईक आलेले, घरभर चिवडा सांडलेला, पोरांनी शेंगांची टरफलं पसरलेली. आणि कमलताई त्या उकिरड्यात सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या. फोन येईपर्यंत उठल्या नाहीत.

"अहो कमलताई, मुंग्या लागतील!" मी म्हटलं.

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "माझी पोर हवेत आहे."

दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडून एकच शब्द: "पोचले." कमलताईंनी फोन ठेवला नि पदर खोचला. आप्पा तेव्हा हसले होते त्यांना. "पोरगी काय लाल डब्यानं चाललीय? विमानं काय असतात ते मला विचार!" असं म्हणायचे. विमानातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत होती त्या दिवसांत. प्रवासाचं बाकी सगळं, कधी निघाली, कुठं उतरली, कधी येणार, ते कमलताईच बघायच्या. आप्पांना फक्त "उद्या येतेय" एवढंच कळायचं.

आणि मग कमलताईच गेल्या. सकाळी देवपूजा करून उठल्या आणि तिथंच बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. वैशालीला कळवलं. संध्याकाळी तिचा फोन आला, रडत रडत, "बाबा, विमान मिळालंय, चौदा तासांचं आहे. मी येतेय. थांबा."

आप्पांनी चौदा तास मोजले. काय सांगू तुम्हाला, विमानाच्या कारखान्यात केस पांढरे झालेल्या माणसानं चौदा म्हणजे चौदाच मोजले! ती दिल्लीला उतरणार, तिथून मुंबई, तिथून गाडीनं घाट चढून नाशिक, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. विमान उडालं म्हणजे दारात आलं, एवढंच. आणि आम्ही तरी कुठं विचारलं? विमानाचा माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? दुसऱ्या दिवशी सकाळ झाली, दुपार झाली, चौदा तास कधीच उलटून गेले. पोरीचा फोन लागेना. तिचं तिकडचं कार्ड इकडे चालत नव्हतं हे नंतर कळलं. बर्फाच्या लाद्या वितळून पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. सटाण्याहून आलेले आप्पांचे थोरले भाऊ, अण्णा, सारखे घराबाहेर येऊन सूर्याकडे बघायचे. शेवटी म्हणाले, "कितली वाट देखशी, भाऊ? दिवस बुडायला आला. तिला विमानच मिळालं नसंल."

आप्पांनी घड्याळाकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

कमलताईंना घेऊन पुरुष मंडळी अमरधामला गेली. आम्ही बायकांनी रीतीप्रमाणे घर झाडलं, धुतलं. शेवटची बादली ओतून मी पाठ सरळ करते तोच खाली टॅक्सी थांबली. वैशाली धावत जिना चढून आली आणि दारात थांबली. तिनं आत पाहिलं. आई नाही, माणसं नाहीत, फरशी नुसती ओली. कुणी काही सांगायची गरजच पडली नाही तिला. ती रडलीसुद्धा नाही लगेच. चप्पल काढायची की नाही, पाणी तुडवायचं की नाही, अशी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. देवा, तशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

आप्पा ओल्या अंगानं परत आले तेव्हा ती तिथंच जिन्यात बसलेली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चौदा तास म्हणाली होतीस ना गं."

"विमानाचे, बाबा," ती म्हणाली. "विमानाचे."

त्यावर बापलेकीत पुन्हा कधी एक शब्द झाला नाही. ना भांडण, ना आरोप. भांडली असती तर बरं झालं असतं असं मला नेहमी वाटतं. तेरावं करून ती गेली. वर्षश्राद्धाला आली, चार दिवस राहिली. आता ओझरहून दिल्लीचं विमान सुरू झालं होतं, आप्पांनी तिला तिथं पोचवलं. निघताना तिच्या तळहातावर दही ठेवलं, तिनं ते घेतलं, "येते" म्हणाली, पाया पडली. सगळं यथासांग. आणि परत येऊन आप्पा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले.

कामाला येणारी संगीता झाडू घेऊन उभी. "आप्पा, पाय घ्या ना."

"आज नाय काढायचा केर."

"उद्या दुप्पट होईल मग! मला का जास्त पैसे देणार का काय?"

"होऊ दे दुप्पट. पोर हवेत हाय."

संगीता माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, आप्पांचं डोकं फिरलं का हो?" मी म्हटलं, "नाही गं. ठेव तो झाडू." दुसऱ्या दिवशी फोन वाजला. "बाबा, पोचले." "पोचलीस ना? मग काढतो केर," असं म्हणून त्यांनी स्वतः घर झाडलं. वाकता येत नव्हतं नीट, पण संगीताला हात लावू दिला नाही.

तेव्हापासून ते दारातले तास सुरू झाले. कुणाची मुलगी जर्मनीला, कुणाचा नातू सिडनीला, आप्पा बोटांवर मोजायचे आणि ठणकावून सांगायचे. लोकांना वाटायचं म्हातारा चक्रम आहे. कुलकर्णी तर त्यांना पाठीमागे "टाइमटेबल" म्हणायचे. पण कमलताईंचं नाव त्यांनी त्या हिशोबात कधी आणलं नाही. आणायची गरजच नव्हती, आम्हाला कळत होतं.

रविवारी सकाळी वैशालीचा फोन यायचा. कान अधू, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि आप्पा गॅलरीत. सगळी बिल्डिंग ऐकायची.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो! तू?"

"आत्ताच. औषधं?"

"घेतली!"

मग एक मोठी शांतता. त्या शांततेत खालच्या नळाचं पाणी ऐकू यायचं. मी पोळ्या लाटताना थांबायचे. बाई गं, कुणीतरी बोला की! पण शेवटी तीच म्हणायची, "ठेवते मग," आणि आप्पा बंद झालेल्या फोनला सांगायचे, "थंडीचं जप हां!" ते ऐकायला पलीकडे कुणी नसायचं.

"तुम्हीच का जात नाही एकदा?" मी एका रविवारी विचारलं.

"म्हणाली होती ती एकदा, या म्हणून."

"मग?"

"एकदा तर कुणीही म्हणतं, बाई. आपण नाय का म्हणत, या एकदा चहाला? दुसऱ्यांदा म्हणाली की जाईन."

पासपोर्ट मात्र काढून ठेवला होता त्यांनी. त्यातला फोटो इतका वाईट आला होता की बघून माझं हसू थांबेना. "चोरासारखा दिसतो ना?" ते म्हणाले आणि स्वतःच गडगडाटी हसले. तसं ते क्वचित हसायचे. एरवी संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे, जिन्यात पाऊल वाजलं तरी त्यांना ऐकू यायचं नाही, पण माणूस समोर आलं की दचकायचे आणि लगेच खुलायचे. बसा म्हणायचे. कुणी बसायचं नाही, सगळ्यांना घाई. दूधवाल्यालासुद्धा ते "बस की जरा" म्हणायचे. एवढा मोठा आवाज असलेला माणूस एवढा एकटा असतो, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

त्याच खुर्चीत बसून त्यांनी एकदा मला सांगितलं, "बाई, मला काय झालं तर घाई करू नका."

"अभद्र बोलू नका, आप्पा. सांजवेळ आहे."

"अभद्र नाय, हिशोब हाय. तिला कळवायचं आणि दारातले धरायचे. दीड दिवस. थंडीत दिल्लीला धुकं असतं, तर दोन दिवस. कुणी म्हणालं चौदा तास, तर सांगायचं ते हवेतले." मग आवाज खाली आणायचा प्रयत्न करत, म्हणजे फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईल इतका, म्हणाले, "पोरीला दोनदा ओली फरशी दाखवायची नाय, बाई."

मी नुसतं "बरं" म्हटलं. हेच त्यांनी कुलकर्ण्यांना सांगितलं, संगीताला सांगितलं, सोसायटीच्या वॉचमनलाही सांगितलं. लोक कंटाळले ऐकून ऐकून. "सांगितलंत आप्पा, पाठ झालंय आता," असं संगीता म्हणायची.

गेल्या डिसेंबरातला एक रविवार. तोच फोन, तीच औषधं, तीच शांतता. मी पोळी लाटायची थांबले. आणि पलीकडून आवाज आला, "बाबा, एप्रिलमध्ये तुम्ही इकडे या ना. थंडी कमी होते तोवर. मी तिकीट काढते."

आप्पा काही बोलेचनात. मला वाटलं, ऐकू गेलं नाही की काय! मी लाटणं हातात घेऊन गॅलरीत धावले. वर कुलकर्णी वाकून बघत होते.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," आप्पा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. "येतो. येतो मी."

त्या दिवशी त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, दुसऱ्यांदा म्हणाली!" नाशिक रोडला जाऊन बॅग आणली, लोकरी टोपी आणली, ती घालून दारात बसले. टोरांटोचे दारातले तास ते आता दुसऱ्या बाजूनं मोजायला लागले, ह्या दारातून त्या दारात. "बाई, माझ्या पाठीवर केर काढू नका हां. मी पोचल्याचा फोन करीन." मी म्हटलं, "नाही काढणार. मुंग्या लागल्या तरी नाही." ते इतके खूश होते त्या महिन्यात की मला भीतीच वाटायची.

जानेवारीत एका सकाळी दुधाची पिशवी त्यांच्या कडीला तशीच लटकलेली दिसली. दार मात्र नुसतं लोटलेलं. लोकरी टोपी घालूनच झोपले होते. झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल.

वैशालीला मीच फोन केला. ती एकदम, "काकू, मी येते. पण तुम्ही..." एवढंच म्हणाली.

"बाळा," मी म्हटलं, "तू सावकाश ये. आम्ही दारातले धरलेत."

कुलकर्ण्यांनी काचेच्या झाकणाची थंड पेटी आणवली. सटाण्याहून लोक आले, अण्णाही आले, आता पार वाकलेले. दुसऱ्या दिवशी दिल्लीत धुकं उतरलं. तिचं विमान उशिरा आलं, नाशिकचं विमान रद्द झालं. ती मुंबईला निघाली, तिथून गाडी. पुन्हा तीच वाट. दुपार कलली तशी माणसं चुळबुळायला लागली. एक पाहुणे, जावयांच्या नात्यातले कुणी, घड्याळ बघत म्हणाले, "चौदा तासांचंच विमान आहे ना? ते तर कधीच झाले."

"ते हवेतले," स्वयंपाकघरातून संगीता म्हणाली.

"दारातले धरा," कुलकर्णी म्हणाले. त्यांचा आवाज फुटला.

"पण दिवस बुडेल..." पाहुण्यांनी अण्णांकडे बघितलं. मीही बघितलं, आणि खरं सांगते, भांडायची तयारी ठेवली होती. अण्णा भिंतीला धरून उठले, दाराशी जाऊन सूर्याकडे एकदा बघून आले आणि परत खाली बसले. "बुडू द्या," ते म्हणाले. "मागल्या टायमाला म्याच घाई केली होती. आज कुणी उठायचं नाय."

कुणी उठलं नाही. दिवस बुडाला, दिवे लागले. घरात दोन दिवसांचा केर. झेंडूच्या पाकळ्या, बुक्क्याची पूड, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांची धूळ, आणि आप्पांच्या खाटेखाली पेढ्याच्या रिकाम्या खोक्याचा दोरा. कुणी केरसुणीला हात लावला नव्हता.

खाली गाडी थांबली. वैशाली जिना चढून आली आणि मागच्यासारखीच दारात थांबली. तिनं आधी खाली, फरशीकडे पाहिलं. कोरडी, मळलेली फरशी. मग तिनं चप्पल काढली आणि त्या केरावरून चालत आत आली, पेटीपाशी गुडघे टेकून बसली. काचेखाली आप्पा होते, तीच टोपी घातलेले. तिनं काचेवर तळहात ठेवला आणि आप्पांना ऐकू जावं म्हणून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "बाबा, पोचले!"